इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी ब्रिटनची युनिव्हर्सिटी निवडताय? आधी कॅलेंडर बघा, रँकिंग नंतर

मी नाशिकचा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, खराडीत एका परदेशी बँकेच्या ऑफिसात दोन वर्षं काढली आणि मग लंडनला एक वर्षाच्या फायनान्स मास्टर्सला आलो. आता इथेच एका बँकेच्या एम अँड ए, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या टीममध्ये अॅनालिस्ट आहे. दर दोन-चार दिवसांनी कोणाचा तरी मेसेज येतो, "दादा, वॉरिक घेऊ की किंग्ज?", आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदाच नीट लिहून टाकतोय. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष आणि घरच्यांची बरीच झोप वाचली असती.

१. आधी काम कुठलं हवंय ते ठरवा

आपल्याकडे "इन्व्हेस्टमेंट बँकेत आहे" म्हटलं की सगळं एकच वाटतं. तसं नाहीये. पुण्यात, मुंबईत मोठ्या बँकांची जी ऑफिसं आहेत तिथलं बरंचसं काम ऑपरेशन्स, रिस्क, टेक्नॉलॉजी, कंप्लायन्स असं असतं, चांगलं काम आहे, पण त्याची भरती वेगळी होते. लंडनमध्ये ज्यासाठी एवढी मारामारी असते ते म्हणजे फ्रंट ऑफिस, म्हणजे थेट क्लायंट आणि व्यवहारांचं काम, आणि त्यातही दोन मोठे भाग: एक आयबीडी (इन्व्हेस्टमेंट बँकिंग डिव्हिजन), म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री, शेअर इश्यू, कर्ज उभारणी, दुसरा मार्केट्स, म्हणजे सेल्स आणि ट्रेडिंग. आयबीडीत लिखाण, प्रेझेंटेशन, एक्सेल मॉडेल आणि रात्रीचे दोन वाजणं. ट्रेडिंगमध्ये गणित, कोडिंग आणि पहाटे लवकर उठणं. तुम्हाला ट्रेडिंगकडे जायचं असेल तर इंपीरियल किंवा वॉरिकचं गणित-स्टॅटिस्टिक्स वगैरे कोर्स "फायनान्स" नाव असलेल्या कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो. म्हणून हे आधी ठरवा.

२. भरतीचं कॅलेंडर पाठ करा

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, बाकी सगळं वगळलंत तरी चालेल पण हा वाचा.

लंडनमधल्या मोठ्या बँका कॉलेजचा शेवट झाल्यावर मुलं घेत नाहीत, दीड-दोन वर्षं आधीपासून घेतात. तीन वर्षांच्या डिग्रीत ते असं चालतं:

पहिल्या वर्षी स्प्रिंग वीक. ईस्टरच्या सुट्टीच्या आसपास चार-पाच दिवस बँकेत बोलावतात. अर्ज मात्र तुम्ही कॉलेजात पाऊल ठेवता ठेवताच सुरू असतात, काही तर त्याआधीच. चार वर्षांची डिग्री असेल तर हे दुसऱ्या वर्षी.

शेवटून दुसऱ्या वर्षी समर इंटर्नशिप, साधारण नऊ-दहा आठवडे, पगारी. याचे अर्ज आदल्या उन्हाळ्यातच उघडायला लागतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बरेच संपतात. स्प्रिंग वीक चांगला गेला तर काही बँका थेट इथपर्यंत आणून सोडतात.

इंटर्नशिप संपताना पर्मनंट नोकरीची ऑफर. अॅनालिस्टच्या बहुतेक जागा अशाच भरल्या जातात, मग उरलेल्या थोड्या बाहेरच्या अर्जातून.

आणि हे सगळं "रोलिंग" असतं. म्हणजे शेवटची तारीख ३० नोव्हेंबर लिहिली असली तरी अर्ज येतील तसे तपासतात आणि जागा भरल्या की संपलं, शेवटच्या तारखेला अर्ज करणं म्हणजे न करण्यासारखंच आहे, उघडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाठवा.

आता माझं काय झालं ते सांगतो. मी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हिथ्रोला उतरलो. रूम, बँक अकाउंट, सिमकार्ड यात दहा दिवस गेले. मग कॉलेजच्या करिअर सर्व्हिसमध्ये अपॉइंटमेंट घेतली आणि माझा तीन पानी सीव्ही समोर ठेवला. तिथल्या बाईंनी पेन काढलं आणि फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, खाली "वरील माहिती खरी आहे" वाली ओळ, छंद, सगळ्यावर शांतपणे रेघ मारली. म्हणाल्या, एक पान, फक्त एक. मग कागद उलटा करून कोऱ्या बाजूला बारा चौकोन काढले, महिन्याला एक, आणि ऑगस्टच्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा तू कुठे होतास? मी नाशिकला होतो, हॉलमध्ये वजनकाटा ठेवून बॅग २३ किलोत बसवत होतो. त्याच आठवड्यात इथे अर्ज उघडले होते. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

३. बॅचलर्स की एक वर्षाचं मास्टर्स?

वरचं कॅलेंडर कळलं की याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. बॅचलर्सवाल्याला स्प्रिंग वीक, समर, मग नोकरी अशा तीन पायऱ्या मिळतात. एक वर्षाच्या मास्टर्सवाल्याला पायरीच नाही, तो आल्याआल्या थेट धावायला लागतो, तेही परदेशात पहिल्या महिन्यात. म्हणजे मास्टर्स वाईट असं नाही, मी तेच केलं, पण तयारी भारतातून निघायच्या आधी झालेली पाहिजे.

मास्टर्सवाल्यांसाठी आणखी एक रस्ता असतो त्याला ऑफ-सायकल इंटर्नशिप म्हणतात. तीन ते सहा महिने, वर्षात कधीही सुरू होते, छोट्या आणि मध्यम बँका याच मार्गाने बरीच मुलं घेतात. मी कोर्स संपल्यावर जानेवारीत सहा महिन्यांची ऑफ-सायकल केली आणि तिथेच पर्मनंट झालो. समर इंटर्नशिपला अर्ज करताना मात्र "ग्रॅज्युएशनचं वर्ष" नीट वाचा, काही बँका मास्टर्सवाल्यांना घेतात, काही घेत नाहीत, आणि चुकीच्या प्रोग्रामला अर्ज केला की त्या वर्षापुरता तो दरवाजा बंद होऊ शकतो कारण बऱ्याच ठिकाणी एका सीझनला ठरावीकच अर्ज करता येतात.

घरच्यांना परवडणार असेल आणि मूल दहावी-अकरावीत असेल तर बॅचलर्सचा विचार जरूर करा. परवडणार नसेल तर भारतात चांगली डिग्री, एक-दोन वर्षं नोकरी आणि मग मास्टर्स, हा रस्ता अजिबात कमी नाही.

४. मग कुठल्या युनिव्हर्सिटी?

इथे "टार्गेट" आणि "सेमी-टार्गेट" असे शब्द कानावर पडतील. टार्गेट म्हणजे जिथे बँका स्वतः येतात, कार्यक्रम घेतात, जिथले सिनिअर त्या टीममध्ये आधीच बसलेले असतात. सरकारी यादी वगैरे काही नाही, पण लंडनमध्ये कोणालाही विचारा, ही नावं येतातच: ऑक्सफर्ड, केंब्रिज, एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), इंपीरियल, यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) आणि वॉरिक. त्याच्या खाली डरहॅम, ब्रिस्टल, किंग्ज, बाथ, नॉटिंगहॅम, मँचेस्टर, एडिनबरा, सेंट अँड्र्यूज. लंडनच्या सिटी सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीचं बेझ बिझनेस स्कूल, ज्याचं आधीचं नाव कॅस होतं, तेही फायनान्समध्ये ओळखलं जातं.

काही गोष्टी नावावरून कळत नाहीत म्हणून सांगतो.

वॉरिक युनिव्हर्सिटी वॉरिक गावात नाही, कॉव्हेंट्रीच्या कडेला आहे, लंडनला ट्रेनने साधारण तासभर. तरी तिथून बँकिंगमध्ये प्रचंड मुलं येतात कारण विद्यार्थ्यांच्या फायनान्स सोसायट्या जबरदस्त आहेत.

एलएसई लंडनच्या मध्यभागी, 'सिटी' या बँकांच्या जुन्या भागातल्या बँका जवळच आणि कॅनरी व्हार्फ हा बँकांचा दुसरा भाग ट्यूबने गाठता येतो. संध्याकाळी बँकेचा कार्यक्रम असला की लेक्चर संपवून जाता येतं. फायदा मोठा आहे, पण तिथे तुमच्याबरोबर अर्ज करणारा अख्खा वर्गच असतो हेही लक्षात ठेवा.

ऑक्सफर्डला बॅचलर्समध्ये "फायनान्स" नावाचा कोर्सच नाही, इकॉनॉमिक्स अँड मॅनेजमेंट किंवा पीपीई (फिलॉसॉफी, पॉलिटिक्स, इकॉनॉमिक्स) असतं. बँकांना विषयाचं नाव फार महत्त्वाचं नसतं, इतिहास शिकलेली मुलंही आमच्या फ्लोअरवर आहेत. त्यामुळे कमी नावाच्या युनिव्हर्सिटीतलं "बँकिंग अँड इन्व्हेस्टमेंट" घेण्यापेक्षा चांगल्या ठिकाणचं इकॉनॉमिक्स किंवा मॅथ्स कधीही बरं.

बाथला प्लेसमेंट इयर असलेले कोर्स आहेत, म्हणजे मधलं एक वर्ष पूर्ण नोकरी. आपल्यासारख्यांना ज्यांची इथे कोणाशी ओळख नाही त्यांच्यासाठी हे सोनं आहे.

एडिनबरा, सेंट अँड्र्यूज स्कॉटलंडमध्ये, डिग्री चार वर्षांची, म्हणजे एक वर्षाचा खर्च जास्त.

मास्टर्ससाठी: लंडन बिझनेस स्कूलला बॅचलर्स नाहीच, फक्त पुढचं शिक्षण. केंब्रिजचं मास्टर ऑफ फायनान्स अनुभव असलेल्यांसाठी आहे, ताज्या ग्रॅज्युएटनी तिथे फी भरून अर्ज करू नये. ऑक्सफर्डचं फायनान्शिअल इकॉनॉमिक्स, एलएसई, इंपीरियल, वॉरिक यांचे फायनान्स मास्टर्स फ्रेशरला चालतात. एलएसईत मास्टर्सचे बरेचसे प्रवेशही रोलिंग असतात, म्हणून जानेवारी उजाडायची वाट बघू नका. जीमॅट किंवा जीआरई बऱ्याच ठिकाणी मागतात.

५. यादीतलं प्रत्येक नाव असं तपासा

रँकिंगचा आकडा बाजूला ठेवा. क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये वरती असलेली युनिव्हर्सिटी रिसर्चमुळे वर असू शकते, तुमच्या नोकरीशी त्याचा संबंध असेलच असं नाही. त्याऐवजी लिंक्डइनवर त्या युनिव्हर्सिटीच्या पानावर जा, माजी विद्यार्थ्यांमध्ये शहर लंडन, मग बँकेचं नाव टाका. मग एकेक प्रोफाइल उघडून पदाचं नाव वाचा. "ऑपरेशन्स अॅनालिस्ट" आणि "इन्व्हेस्टमेंट बँकिंग अॅनालिस्ट" हे दोन वेगळे आहेत, आणि त्याच कोर्सचे आहेत का, की त्याच युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या कोर्सचे, हेही बघा. भारतातून डिग्री करून गेलेले किती, हे मोजा. एक संध्याकाळ लागते पण कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरं चित्र दिसतं.

त्यातल्या तीन-चार जणांना मेसेज करा. "सर प्लीज गाइड मी" असं नको. "मी अमुक कोर्सला अर्ज करतोय, तुमचं पहिलं वर्ष कसं गेलं हे पंधरा मिनिटं विचारता येईल का" एवढंच. दहातले दोन-तीन उत्तर देतात.

आणि कन्सल्टंटबद्दल. माझ्या पुण्यातल्या कन्सल्टंटने मला सहा नावं दिली होती, त्यातली एकही वरच्या यादीतली नव्हती, आणि हे अर्जांचं कॅलेंडर तर त्याच्या तोंडून कधी निघालंच नाही. कन्सल्टंटना बऱ्याच युनिव्हर्सिटींकडून कमिशन मिळतं, हे उघड आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण फुकट सल्ला का फुकट आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे. "लंडन कॅम्पस" या शब्दालाही भुलू नका, मूळ युनिव्हर्सिटी दुसऱ्या शहरात आणि लंडनमध्ये भाड्याच्या बिल्डिंगमधले दोन मजले असंही असतं.

६. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी

अकरावी कॉमर्सला गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं की एलएसई, वॉरिक, केंब्रिजचं इकॉनॉमिक्स तिथेच बंद होतं. हे कोणी सांगत नाही, आणि बारावीत कळून उपयोग नाही. गणित ठेवा.

दुसरं, राज्य बोर्डाची अट बघा. सीबीएसई, आयएससीला एक टक्केवारी आणि राज्य बोर्डाला जास्त कडक, असं बऱ्याच ठिकाणी असतं, काही ठिकाणी नुसत्या राज्य बोर्डावर प्रवेशच नसतो. प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या साइटवर "इंडिया" असं देशाचं पान असतं ते वाचा.

अर्ज यूकॅस या ब्रिटनच्या सामायिक प्रवेश साइटवरून, एकच अर्ज, जास्तीत जास्त पाच कोर्स. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीला एकाच वर्षी नाही, एकच निवडायचं. या दोघांची तारीख ऑक्टोबरच्या मध्याला, बाकीच्यांची जानेवारीत. केंब्रिज आणि एलएसईच्या इकॉनॉमिक्सला टीएमयूए नावाची गणिताची परीक्षा असते, तिची नोंदणी वेगळी, ती विसरलात तर अर्ज कितीही चांगला असो, गेला. पर्सनल स्टेटमेंट आता एक सलग निबंध नसून तीन प्रश्नांची उत्तरं असतात, जुने नमुने बघून लिहू नका.

७. पैसे

लंडनमधल्या नावाजलेल्या फायनान्स मास्टर्सची फी ४० हजार पौंडांच्या वरच जाते. ४५ हजार धरा, पौंड १२० रुपये धरा, झाले ५४ लाख. राहण्याखाण्यासाठी व्हिसाच्या नियमाप्रमाणे लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे लंडनला १३,७६१ पौंड, बाहेर १०,५३९. हे आकडे बदलत असतात, अर्जाच्या दिवशी सरकारी साइटवर परत बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे स्टुडंट हॉलचं भाडं आठवड्याचं लिहिलेलं असतं. "२६०" बघून माझ्या आईला वाटलं महिन्याचं आहे आणि ती खूश झाली. ते आठवड्याचं होतं.

स्कॉलरशिपमध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगचं नाव सगळे घेतात, पण त्यात कोर्स संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायची अट आहे, म्हणजे लंडनमध्ये लगेच नोकरी करायची असेल तर ती तुमच्यासाठी नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ती खरोखर मोठी मदत आहे, त्याची जाहिरात कधी येते यावर डोळा ठेवा. जे. एन. टाटा एंडॉवमेंटची लोन स्कॉलरशिप सगळ्यांना खुली आहे.

कर्ज काढणार असाल तर एक प्रश्न घरात सगळ्यांनी बसून बोला: लंडनमध्ये नोकरी नाही लागली आणि पुण्या-मुंबईच्या पगारावर परत यावं लागलं तर हप्ता भरता येईल का? उत्तर नाही असेल तर स्वस्त युनिव्हर्सिटी किंवा एखादं वर्ष थांबणं बरं. आमच्या बॅचमध्ये हे न बोलता आलेली मुलं होती, मार्च-एप्रिलमध्ये त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

८. व्हिसा, आताचा आणि नंतरचा

स्टुडंट व्हिसासाठी पैसे सलग २८ दिवस खात्यात पाहिजेत, एका दिवसासाठीसुद्धा कमी झाले तर गडबड. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं. काकांनी, मामांनी त्यांच्या खात्यात ठेवलेले चालत नाहीत, ते आधी तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात आणून मग २८ दिवस मोजायचे. आरोग्य शुल्क वर्षाला ७७६ पौंड, पण व्हिसा कोर्सच्या आधी-नंतर थोडा जास्त असतो त्यामुळे एक वर्षाच्या कोर्सलाही दीड वर्षाचे, १,१६४ पौंड भरावे लागतात.

शिकताना टर्ममध्ये आठवड्याला २० तास काम, फ्रीलान्स अजिबात नाही. रिसर्चचे कोर्स सोडले तर मास्टर्सवाल्यांना २०२४ पासून नवरा-बायको, मुलं यांना सोबत आणता येत नाही.

शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा. आतापर्यंत तो दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच मिळणार. म्हणजे आता जाणाऱ्यांच्या हातात सहा महिने कमी आहेत, आणि ऑफ-सायकलच्या भरवशावर राहणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त लागणार. या व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा संपायच्या आत करायचा असतो, थीसिस दिला आणि दिवाळीला घरी जाऊन बसला असं नको. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसा, त्याची साधारण पगाराची अट सध्या ४१,७०० पौंड आहे, फ्रंट ऑफिस अॅनालिस्टचा पगार त्याच्या बराच वर असतो, त्यामुळे मोठ्या बँकेत अडत नाही. छोट्या फर्म मात्र तुमचा व्हिसा स्पॉन्सर करतीलच असं नाही. स्पॉन्सर करायचं लायसन्स कोणाकडे आहे त्याची पूर्ण यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर फुकट मिळते, अर्ज करण्याआधी नाव शोधा. अर्जात "स्पॉन्सरशिप लागेल का" असं विचारतात, खरं उत्तर द्या.

९. निघायच्या आधीचे तीन महिने

अॅडमिशन पक्की झाली की शॉपिंग नंतर. एक पानी सीव्ही इथल्या पद्धतीने करा. एक्सेलमध्ये तीन स्टेटमेंटचं (नफा-तोटा, ताळेबंद, कॅश फ्लो) साधं मॉडेल स्वतः हाताने बांधा, एखादी ओळखीची भारतीय कंपनी घ्या, मी एशियन पेंट्स घेतली होती. आकड्यांच्या ऑनलाइन टेस्ट घड्याळ लावून सोडवा. व्हिडिओ इंटरव्ह्यूत समोर माणूस नसतो, स्क्रीनवर प्रश्न येतो, अर्धा मिनिट विचार करायला आणि दोन-एक मिनिटं बोलायला, त्याची सवय फोनच्या कॅमेऱ्यासमोर करा. मी पहिल्या वेळी निम्मा वेळ नुसता घसा साफ केला आणि तिथून नकार आला. एक तक्ता करा: बँक, प्रोग्राम, कधी उघडला, कधी पाठवला, पुढची पायरी. आणि ऑगस्टमध्ये अर्ज उघडले की नाशिक, सांगली, लातूर जिथे असाल तिथूनच पाठवा.

इथे आल्यावर एक हिशोब डोक्यात ठेवा, बॅचलर्सला ७० मार्क म्हणजे फर्स्ट आणि ६० म्हणजे टू-वन, बँकांना किमान टू-वन लागतो. पहिल्या असाइनमेंटला ६४ आले म्हणून रडत बसू नका, ते चांगले आहेत.

१०. कागदपत्रं

पासपोर्ट, दहावी-बारावी आणि डिग्रीच्या मार्कशीट, युनिव्हर्सिटीचं ट्रान्सक्रिप्ट (याला आपल्याकडे आठवडे लागतात, आधी अर्ज करा), शिफारसपत्रं, आयईएल्टीएसचा निकाल, जीमॅट किंवा जीआरई लागत असेल तर त्याचा, कॉलेजकडून येणारा कॅस नंबर (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा पुरावा), बँक स्टेटमेंट किंवा कर्जाचं मंजुरीपत्र, मंजूर क्लिनिकचं टीबीचं सर्टिफिकेट. आईवडिलांचं खातं दाखवणार असाल तर त्यांचं संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला, तो फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून.

नावाचं बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं, पासपोर्टवर वेगळा क्रम, आणि एखाद्या कागदावर वडिलांचं नाव गायबच. माझ्या डिग्रीवर एक अक्षर वेगळं होतं, ते दुरुस्त करायला पाच आठवडे गेले आणि तोवर कॅस अडकून राहिला. सगळे कागद आज रात्री टेबलावर एका ओळीत मांडा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून बघा.